पुढच्या ब्रेक डिस्क बदलायच्या की नाहीत : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला जाऊन आल्यापासून ब्रेक दाबला की गाडीचे स्टेअरिंग थरथरते आहे. गाडी २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. पुढे हवेशीर डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, मध्ये पोकळी असलेल्या चकत्या), मागे ड्रम, आणि मीटरवर ७१,४०० किलोमीटर. डिस्कला दाबून चाक थांबवणारे पुढचे पॅड मधल्या काळात एकदा बदलले आहेत, डिस्क मात्र कारखान्यातून आल्या तेव्हापासूनच्याच आहेत. पॅड पुन्हा संपत आले असल्यामुळे ते बदलायचेच आहेत. डिस्कही बदलायच्या का, एवढ्याच प्रश्नासाठी ही वही उघडली आहे.

आज कामावरून येताना नागपुरातल्या हिंगणा रोडवर थरथरीचे स्वरूप नीट पाहिले. ब्रेकवर पाय नसताना ८० च्या वेगालाही स्टेअरिंग शांत राहते, म्हणून चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्याचा संशय मागे पडतो. ब्रेक हलका दाबला की थरथर सुरू होते, गाडीचा वेग कमी होईल तशी तिची गती मंदावते आणि पायाखालचे पेडलही तिच्याबरोबर किंचित वरखाली होते. या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर आहे, म्हणजे ८० च्या वेगाला चाक सेकंदाला बारा फेऱ्या घेते. दर फेरीला डिस्कचा एखादा भाग पॅडला वेगळा लागत असेल, तर सेकंदाला तितकेच हिसके बसणार. एबीएसचे, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे, धक्के याहून वेगळे असतात. ते जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चाक घसरू लागल्यावरच येतात.

आमच्या मेकॅनिकांना दाखवले. त्यांनी एक चक्कर मारली आणि खाली उतरता उतरताच निकाल दिला : "भाऊ, डिस्क वाकली हाय तुमची. नवी टाकून घ्या, कायले डोकं लावता?" निकाल कदाचित बरोबरही निघेल, पण ‘वाकली’ हे कारण मला पटत नाही. माझे रोजचे काम गुणवत्ता तपासणीचे असून जाडी मोजणारा मायक्रोमीटर आणि पृष्ठभागाचा चढउतार सुईने दाखवणारे डायल गेज ही माझी हत्यारे आहेत, तेव्हा मोजल्याशिवाय एकही भाग काढायचा नाही असे ठरवले आहे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, गाडी जॅकवर उचलली, लगेच स्टँडवर टेकवली आणि पुढची दोन्ही चाके काढली. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

आधी डोळ्यांनी पाहिले. उजवी डिस्क करडी, एकसारखी घासलेली आहे. डावीच्या बाहेरच्या बाजूवर बोटाच्या पेराएवढे निळसर-काळे डाग आहेत आणि ते सगळे एकाच अर्ध्या भागात आहेत. हे उष्णतेचे डाग होत. डिस्क करड्या बिडाची असते. ब्रेक फार तापून एखाद्या ठिकाणचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर तेवढ्या भागातल्या बिडाची रचना बदलते आणि तो भाग कठीण होतो. पुढे तो शेजारच्या भागापेक्षा कमी झिजतो आणि उंचवटा बनून राहतो. असाच डाग दुसऱ्या कारणानेही पडतो : तापलेल्या डिस्कवर गाडी उभी करून ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा थर तेवढ्या जागी चिकटतो. डाग पॉलिश पेपरने हलका घासून पाहिला. थोडा निघाला, पण निळसर छटा तशीच राहिली. घाट उतरून परतवाड्याकडे येताना वाटेत काही काळ वाहतूक खोळंबली होती आणि उतारावर ब्रेक दाबून थांबावे लागले होते. दोन्ही कारणांना तिथे पुरेसा वाव होता.

तो घाट ब्रेकला किती जड जातो याचा हिशेब मांडून पाहिला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि पायथ्यापर्यंत गाडी जवळजवळ ७०० मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी एवढी खाली आणायची, तर सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ८० च्या वेगावरून एकदा थांबवायला सुमारे तीन लाख ज्यूल लागतात. म्हणजे इंजिनाचा ब्रेक आणि हवेचा विरोध धरला नाही, तर हा उतार ८० वरून सत्तावीस-अठ्ठावीस वेळा थांबण्याएवढा आहे. ब्रेकचा सुमारे ७० टक्के भार पुढची चाके घेतात, त्यामुळे पाच किलो वजनाची प्रत्येक पुढची डिस्क दर थांब्याला साधारण ४५ अंशांनी तापते. मधल्या अंतरात ती निवली नाही तर हे अंश एकावर एक चढत जातात. म्हणूनच घाट दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचा असतो.

तडे शोधण्यासाठी कारखान्यात वापरतो तो लाल पेनेट्रंट आणला होता. डिस्क स्वच्छ पुसून तो फवारला, मुरू दिला, वरचा पुसून काढला आणि पांढरा डेव्हलपर मारला. डाव्या डिस्कच्या डागांभोवती केसांएवढ्या बारीक लाल रेषांची जाळी उमटली, पण त्यांतली एकही बाहेरच्या कडेपर्यंत किंवा आतल्या टोपीच्या (डिस्कच्या मधल्या उंच भागाच्या) कोपऱ्यापर्यंत गेलेली नाही. अशी वरवरची जाळी बऱ्याच डिस्कवर दिसते. कडेला पोचलेला एक जरी तडा दिसला असता, तरी पुढचे सगळे मोजमाप बंद करून डिस्क त्याच दिवशी काढावी लागली असती, मग तिची जाडी कितीही भरो.

पॅडवर अस्तर चारेक मिलिमीटर उरले आहे. डाव्या बाजूच्या आतल्या पॅडचे अस्तर बाहेरच्यापेक्षा कमी आहे. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची खालची सरकती पिन हाताने हलवून पाहिली. ती सरकते, पण अडखळत. ही बाब बाजूला नोंदवून ठेवतो.

आता जाडी. डिस्कच्या टोपीवर ‘किमान जाडी २० मिमी’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे ओतीव उठावात आहेत. गंज ब्रशने झाडल्यावरच ती वाचता आली. नवी डिस्क २२ मिलिमीटरची असते. वीस हा आकडा इशारा नसून टाकून देण्याची मर्यादा आहे, हे नीट समजून घ्यावे.

कडेपासून दहा मिलिमीटर आत, समान अंतरावर खडूने आठ खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर मायक्रोमीटरने मोजले. डावी डिस्क सर्वांत कमी २०.५८ आणि सर्वांत जास्त २०.६२ भरली, उजवी २०.६६ ते २०.६७. जास्त जाडीचे ठिपके बरोबर निळ्या डागांच्या जागी आले.

व्हर्निअर कॅलिपर वापरणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कडेला न झिजलेल्या बिडाची एक धार उभी राहते. व्हर्निअरचे सरळ जबडे त्या धारेवरच टेकतात आणि झिजलेली डिस्कही नवी असल्यासारखी मोजली जाते. माझ्या डिस्कवर धारेची जाडी २१.९७ भरली. त्यातून डिस्क मुळात २२ चीच होती हे पक्के झाले, एवढा धारेचा उपयोग. मायक्रोमीटर नसेल तर एक-एक रुपयाची दोन नाणी घ्यावीत, आधी दोन्ही एकत्र धरून मोजावीत, मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना धारेच्या आत एकेक नाणे ठेवून वरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. शतांशाचा हिशेब यातून लागत नाही, पण वीसच्या वर की खाली हे कळते.

दुसरी अडचण चऱ्यांची. डाव्या डिस्कच्या आतल्या बाजूवर नखाला जाणवतील असे दोन गोल चरे आहेत. मायक्रोमीटरचे सपाट तोंड चऱ्याच्या काठांवर टेकते, तळाला लागत नाही, म्हणून खरी जाडी चऱ्याच्या खोलीएवढी कमी धरावी लागते. डायल गेजची टोकदार सुई वापरून खोली पाहिली तर ०.०५ च्या आत भरली. निव्वळ चरे आहेत म्हणून डिस्क टाकण्याइतके हे नाही.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज डिस्कचे डुगणे, म्हणजे रन-आउट, तपासले. ‘डिस्क वाकली’ या निदानाची खरी परीक्षा इथे होते.

आधी चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही ना हे पाहिले, कारण बेअरिंग ढिले असेल तर डायल गेज जे दाखवेल त्याला काही अर्थ नसतो. मग डिस्क वॉशर लावून चाकाच्याच नटांनी हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) घट्ट आवळली, चुंबकी स्टँड सस्पेन्शनच्या खांबाला लावला, सुई कडेपासून दहा मिलिमीटर आत टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. उजवीचा काटा ०.०५ फिरला. डावीचा ०.१३. सेवा पुस्तिकेतली मर्यादा ०.१० आहे.

डावी डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर दोन बोल्टांच्या मध्ये गंजाची खपली होती, टणक आणि नखाने न निघणारी. डिस्क तिच्यावर बसली की एका बाजूने अगदी थोडी उचलली जाणार, आणि हबजवळचे ते थोडे बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत वाढणार. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचे तोंड आणि डिस्कची आतली बैठक दोन्ही चकचकीत केली, निव्वळ हबवर सुई टेकवून पाहिली (०.०२), डिस्क परत त्याच जागी आवळली आणि पुन्हा मोजले. काटा ०.०६ फिरला.

म्हणजे डिस्क वाकलेली नव्हतीच, तिची बैठक वाकडी होती. तरीही हब साफ करून थरथर जाणार नाही, आणि हा भाग समजून घेतल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. डुगणारी डिस्क ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला एकाच ठिकाणी पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर असे चालले की तेवढी जागा शेजारच्या जागेपेक्षा पातळ होते. त्यानंतर ब्रेक दाबला की पॅड कधी जाड भागावर चढतो आणि कधी पातळ भागावर उतरतो, पॅडमागचा पिस्टन मागेपुढे होतो, तेलाचा दाब कमीजास्त होतो, आणि तेच पेडलमध्ये व स्टेअरिंगमध्ये जाणवते. डुगणे आज दूर झाले असले, तरी त्याने करून ठेवलेला ०.०४ चा फरक बिडात कायमचा उतरला आहे. दीड-दोन शतांशापुढचा फरक हाताला जाणवू लागतो. घाटाने दिलेल्या डागांनी आधीपासूनच्या या फरकात भर घातली, इतकेच.

नवी डिस्क टाकूनही काही महिन्यांत थरथर परत आली, अशी तक्रार नागपुरात मी अनेकांकडून ऐकली आहे. हब न घासता नवी डिस्क त्याच खपलीवर बसवली, तर तिचे यापेक्षा वेगळे काय होणार?

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. मत देऊन झाल्यावर धरमपेठेत दादाकडे गेलो. दादा पुण्याला असतो, त्यामुळे त्याची सेडान पावसाळाभर अंगणात उभीच होती. तिला चारही चाकांना डिस्क आहेत आणि हँडब्रेक नीट धरत नाही अशी वहिनींची तक्रार होती.

रात्री पाऊस पडला किंवा गाडी धुतली की सकाळी डिस्कवर केशरी गंज दिसतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो आणि त्याची काळजी करू नये. या गाडीचा गंज त्या प्रकारचा नाही. मागच्या डिस्कची बाहेरची बाजू चाकाच्या फटीतून ठीक दिसत होती. पण चाक काढून, टॉर्च आणि छोटा आरसा मागे धरून आतली बाजू पाहिली, तेव्हा फक्त बाहेरचा अर्धा पट्टा चमकत होता. उरलेला भाग काळसर तांबड्या पापुद्र्यांनी भरलेला, नखाने खरवडला की खड्डे दिसत होते. जाडी मोजली तर ९.६; नवी १० ची असते आणि मर्यादा ८.५. आकडा भरपूर आहे, पण पॅडला टेकायला निम्मीच जागा शिल्लक आहे. या गाडीचा हँडब्रेक केबलने मागच्याच कॅलिपरवर चालतो, त्यामुळे वहिनींच्या तक्रारीचा उलगडाही इथेच झाला.

फोनवर दादाने विचारले, "जाडी आहे म्हणतोस, मग बदलायच्या कशाला?" त्याचा प्रश्न रास्त आहे. जाडी ही डिस्क टाकण्याची एक कसोटी आहे, एकमेव नव्हे. तडा कडेला पोचला, गंजाने घासणारी जागा खाल्ली किंवा खड्डे पडले, तर जाडीचा आकडा पाहण्याची गरज उरत नाही. आतली बाजू न पाहता ‘मागचे ब्रेक ठीक’ असे कुणी लिहून दिले, तर त्यावर विश्वास ठेवू नये, असे मी दादाला सांगितले. मागच्या ब्रेकला मुळातच काम थोडे पडते, त्यामुळे उभ्या गाडीत तेच आधी गंजतात.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

संध्याकाळी हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे डिस्क टर्निंग करून घेण्याविषयी विचारून आलो. टर्निंग म्हणजे दोन्ही बाजूंवरून पातळ थर काढून पृष्ठभाग पुन्हा समांतर करणे. तो करून द्यायला तयार आहे, मजुरीही किरकोळ सांगतो. मात्र लेथच्या चकमध्ये डिस्क धरताना ती हबवर बसते तशीच बसली पाहिजे, नाहीतर एक वाकडेपणा काढून दुसरा घातल्यासारखे होते. गाडीवरच बसवून डिस्क कापणारे यंत्र यासाठी अधिक चांगले, कारण त्यात हबचे डुगणेही हिशेबात येते. माझ्या परिचयाच्या कोणत्याही गॅरेजमध्ये ते नाही.

शिवाय निळ्या डागांच्या जागी बीड कठीण झालेले असते आणि हा कठीणपणा पृष्ठभागाच्या काहीसा खालपर्यंत उतरलेला असतो. वरून सपाट केले तरी तो भाग पुढे वेगळ्या गतीने झिजतो आणि डाग पुन्हा वर येतो.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज आकडे एकत्र मांडून निर्णय केला.

डावी डिस्क ७१,४०० किलोमीटरमध्ये १.४२ मिलिमीटर झिजली, म्हणजे दर हजार किलोमीटरला साधारण ०.०२. माझ्या चालवण्यात पॅडचा एक जोड सुमारे ३५,००० किलोमीटर टिकतो. नवे पॅड या जुन्या डिस्कवर चढवले, तर ते संपेपर्यंत आणखी ०.७ मिलिमीटर जाईल आणि डिस्क १९.८८ वर येईल. म्हणजे पॅड चांगले असतानाच मध्ये कधीतरी डिस्क वीसच्या खाली घसरेल. उजवी त्याच हिशेबाने बरोबर वीसवर पोचते. टर्निंग केले तर दर बाजूला किमान ०.१५ काढावे लागेल, म्हणजे एकूण ०.३, आणि मग डावी २०.२८ वरूनच सुरुवात करेल. पंधरा हजार किलोमीटरसुद्धा पुरणार नाही.

गॅरेजमध्ये प्रश्न नेहमी ‘आज डिस्क मर्यादेच्या वर आहे का’ असा विचारला जातो आणि आजचे उत्तर ‘आहे’ असेच येते. माझ्या मते विचारायचा प्रश्न ‘आता बसवणारे पॅड संपतील त्या दिवशी ती मर्यादेच्या वर असेल का’ हा आहे. कारण पॅड घातले की पुढची दोन-तीन वर्षे चाक काढून डिस्क कोणी मोजत नाही. डिस्क याहून जाड असती, समजा २१.३ भरली असती आणि तिच्यात जाडीचा फरक नसता, तर निव्वळ वय झाले म्हणून ती बदलण्याचे काहीच कारण नव्हते. पॅडच्या दर जोडाबरोबर डिस्कही बदला असा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही.

उजवी डिस्क एकटी असती तर कदाचित ठेवली असती. पण एकाच ॲक्सलवर एक नवी आणि एक झिजलेली डिस्क ठेवली, तर दोन्ही चाकांचे तापणे आणि धरणे सारखे राहत नाही आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढण्याची शक्यता असते. त्यामुळे जोडीनेच बदलणार.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत काम उरकले. दोन डिस्क आणि पॅडचा संच मिळून सात हजारांच्या आत आले. दुकानातच नवी डिस्क जुनीशेजारी ठेवून बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, टोपीची उंची आणि भोकांची जागा जुळवून घेतली. खोक्यावर गाडीचे नाव छापले आहे एवढ्यावर विसंबून राहू नये.

कॅलिपर सोडवल्यावर तो तारेने स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर त्याचे वजन पडू दिले नाही. दोन्ही हब पुन्हा घासले. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसला, आणि फडके काळे पडायचे थांबेपर्यंत पुसत राहिलो. अडखळणारी खालची पिन बाहेर काढली. तिच्यावरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते आणि रबरी टोपीला बारीक चीर होती. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावले, टोपी नवी घातली. आतला पॅड जास्त का झिजला होता, याचे कारण हेच : पिन अडकली की पिस्टनच्या बाजूचा पॅडच सगळे काम करतो.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी टाकीतले ब्रेक ऑइल थोडे काढून घेतले, नाहीतर ते वर येऊन रंगावर सांडते आणि रंग खाते. ऑइल काळपट झाले होते. ते हवेतले पाणी शोषते आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून डॉट ४ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घेतली.

डिस्क बसल्यावर डायल गेज पुन्हा लावले. उजवी ०.०३. डावी पहिल्या बसवणीत ०.०६ आली, ती एक भोक पुढे फिरवून बसवली तेव्हा ०.०३ वर आली. हबचे आणि डिस्कचे बारीक दोष कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना मारतात, त्यामुळे ही फिरवाफिरव करून पाहण्यासारखी आहे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटरवर आवळले. पंक्चरवाल्याकडे हवेच्या बंदुकीने मनाला येईल तसे आवळलेले नटही डिस्क डुगायला कारणीभूत होतात.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांवर बसवण्यासाठी मोकळा रस्ता लागतो. आज राजभवनात मंत्रिमंडळाचा शपथविधी आणि उद्यापासून हिवाळी अधिवेशन; शहरात जागोजागी बंदोबस्त आणि वर्धा रोडवर ताफ्यांची ये-जा. त्यामुळे सकाळीच मिहानच्या आतल्या रुंद रस्त्यांवर गेलो. मागे कोणी नाही हे पाहून ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १५ पर्यंत आणायचे, पूर्ण थांबायचे नाही, मग थोडे अंतर निवू द्यायचे आणि पुन्हा तेच करायचे. पूर्ण थांबून ब्रेक दाबून धरला तर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, आणि तेच तर टाळायचे आहे. थोड्या वेळाने पॅडचा वास आला, पेडल जास्त ठाम वाटू लागले. मग ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी फिरवून निवू दिली. डिस्कवर एकसारखी करडी झाक आली आहे. थरथर नाही.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

जुनी डावी डिस्क भंगारात देण्यापूर्वी कारखान्यात कटिंग मशीनवर आडवी कापून घेतली. हवेशीर डिस्क म्हणजे बिडाच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये हवा खेळण्यासाठी सोडलेली पोकळी. कापलेल्या तोंडावर बाहेरची चकती ५.७५ आणि आतली ५.४३ भरली, मधली पोकळी ९.४. पोकळी झिजत नाही, म्हणजे नवी असताना प्रत्येक चकती ६.३ ची होती.

२२ वरून २० वर येणे कागदावर नऊ टक्क्यांची झीज दिसते. पण उष्णता साठवणारे बीड मुळात १२.६ मिलिमीटरच आहे आणि मर्यादेला पोचेपर्यंत ते १०.६ उरते, म्हणजे सोळा टक्के कमी. तेवढ्याच ब्रेकला तितक्या कमी बिडाने अधिक तापायचे, आणि ताकदही त्याच पातळ चकत्यांनी द्यायची. ‘अर्धा मिलिमीटर खाली गेली तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकांना हा तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आतल्या चकतीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे असं आतून कधी पाहिलंच नव्हतं ना भाऊ." तुकडा त्यांनी मागून घेतला, आता तो त्यांच्या टेबलावर गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी असतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

दादाच्या सेडानच्या मागच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, तो फिरवत दाबावा लागतो. त्यासाठीचे हत्यार मेकॅनिकांकडून आणले. हँडब्रेकची केबल नव्याने ताणून घेतली. वहिनींना आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढून चार-दोन ब्रेक मारायला सांगितले आहे आणि धुतल्यावर लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका, असेही.

२ मार्च २०२५, रविवार

पुढची चाके काढून पुन्हा मोजले. बसवल्यापासून ३,९०० किलोमीटर झाले आहेत. डावी आठही खुणांवर २१.९२ ते २१.९३, उजवी २१.९३. डुगणे दोन्हीकडे ०.०४ च्या आत. नव्या पृष्ठभागाची सुरुवातीची झीज थोडी जास्त असते, त्यामुळे यावरून दर हजार किलोमीटरचा दर काढला नाही. डाव्या बाजूचे आतले आणि बाहेरचे पॅड सारखे झिजत आहेत, पिन सुरळीत सरकते. हबच्या तोंडावर गंज नाही. पुढचे मोजमाप पॅड निम्मे झाल्यावर करायचे. खुणांच्या जागा आणि आजचे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत.